पोहाळ्यानंतर अजिंठा: चौदा मुलांना घेऊन चाललेय, काय आणि कसं दाखवू?

रंगपेटी:

नमस्कार. मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. डिसेंबरमध्ये नववीची चौदा मुलं घेऊन अजिंठ्याला जायचं ठरलंय. सगळी इंटरमिजिएट दिलेली आहेत, हात चांगले आहेत. दोघींच्या घरी गणपती करतात, एकाचे वडील गवंडी आहेत.

तयारी म्हणून मागच्या रविवारी त्यांना पोहाळ्याची लेणी दाखवली. ज्योतिबाला आमच्याकडची पोरं वर्षातून दोनदा तरी जातात, पण डोंगराच्या कुशीतली ही लेणी चौदांपैकी एकानंच बघितली होती. खांबांचं मोठं दालन, कडेनं भिक्खूंच्या खोल्या, शेजारी चैत्य, म्हणजे स्तूपाचं प्रार्थनागृह. मुलं आत गेली आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन डबे उघडून बसली. एका मुलीनं विचारलं, "बाई, इथं चित्रं का नाहीत?" मी म्हटलं, चित्रं अजिंठ्याला आहेत, तिथं बघू. तेवढ्यावर ती गप्प बसली. पण परतीच्या गाडीत मलाच चैन पडेना. त्या रिकाम्या खोल्यांत बघण्यासारखं काही नव्हतं, असं मीच तिला सांगून बसले होते.

अजिंठा मी स्वतः एकदाच बघितलाय, कॉलेजच्या सहलीत. हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी दिसला, पुस्तकातला तोच हा म्हणून ओळखला आणि लगेच पुढच्या लेण्यात ढकलले गेले. या मुलांचं तसं होऊ नये. एकच दिवस हातात आहे. कोणती लेणी दाखवू, कोणती सोडू? आणि जायच्या आधी वर्गात काय करून घेऊ, म्हणजे तिथं उभं राहिल्यावर त्यांना स्वतःहून काही दिसेल?

पंचगंगाकाठ:

बाई, प्रवासाचं तेवढं सांगतो. कोल्हापूर ते संभाजीनगर साडेचारशे किलोमीटरच्या पुढंच, तिथून अजिंठा अजून शंभर. चौदा मुलं बसमध्ये कोंबून न्यायची तर पोचेपर्यंत निम्मी आजारी पडतील. महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडा आणि जळगावला उतरा. तिथून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत.

सोमवारी अजिंठा बंद असतो. आमच्या ओळखीतल्या एका शाळेची सहल दाराशी जाऊन परत आली, म्हणून मुद्दाम लिहिलं. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसनं जावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर, फ्लॅश बंद. मुलांना पायमोजे घालायला सांगा, डिसेंबरात सकाळी दगड बर्फासारखा गार असतो.

मातीकाम:

बाई, मी बापट कॅम्पात गणपती करतो, माझी तिसरी पिढी. चित्रातलं मला पुस्तकी ज्ञान नाही. पण अजिंठ्याला मी तीन वेळा गेलोय, आणि तिन्ही वेळा चित्रं सोडून भिंत बघत उभा राहिलोय. तुमच्या चौदांत दोघी आमच्यातल्या आहेत म्हणता, म्हणून सविस्तर लिहितो.

चित्र जिथं संपतं तिथं बघायला सांगा. पोपडा पडलेला असतो, कडा तुटलेली असते, ती जागा शोधायची. तिथं भिंत कापल्यासारखी दिसते. तळाशी दगड. तो गुळगुळीत केलेला नाही, छिन्नीचे घाव तसेच ठेवलेत. आपल्याकडं पाट्याला टाकी लावतात तसा खडबडीत. का, तर माती धरायला. त्याच्यावर मातीचा जाड थर. तांबूस माती, बारीक खडी, गवत, भाताचं तूस, झाडपाल्याचे तंतू. त्याच्यावर दुसरा पातळ थर, चाळलेल्या मातीचा. मग चुन्याचा अगदी पातळ हात, कागदासारखा. आणि त्या वाळलेल्या चुन्यावर रंग.

परदेशातल्या चर्चमध्ये ओल्या चुन्यावर रंग लावून चुन्यातच मुरवतात. पुष्कळ जणांना वाटतं अजिंठ्याला तसंच केलंय. तसं नाही. इथं भिंत वाळल्यावर सरस किंवा डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून रंग लावलाय. म्हणून तर ओल लागली की तो सुटतो, आणि म्हणूनच आत श्वासाची वाफ करणाऱ्या गर्दीची भीती.

आता तूस कशाला? नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. तूस, काथ्या, पिंजर घातली की तडा पुढं पळत नाही, मधेच अडतो. आमच्या आजोबांच्या भेंड्याच्या घराला हेच लिंपण होतं. मोठी मूर्ती करताना मातीत काथ्या घालायला आजोबांनीच शिकवलं. पहिल्यांदा अजिंठ्याच्या भिंतीत तुसाचे ठसे दिसले तेव्हा मला आजोबांचे हात आठवले. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी भात कांडलं, तूस पाखडलं, ते टोपलीत भरून डोंगरात वर नेलं, पायानं माती तुडवली. राजकन्या रंगवणारा मागून आला. आधी माती तुडवणारा आला.

माझं ऐकाल तर जायच्या आधी मुलांकडून एक भिंत करून घ्या. फूटभर लांबीरुंदीची शहाबादी फरशी घ्या, खडबडीत बाजू वर. गवंड्याच्या मुलाला म्हणावं, तिला अजून टाकी मार. मग पहिला थर, दुसरा थर, चुना, आणि वरती गेरूनं रेघ. रंगही साधे ठेवा: गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. अजिंठ्याची रंगपेटी जवळपास एवढीच होती. वर तिथल्याच खडकात मिळणारा हिरवा दगड, आणि एकच रंग लांबचा, निळा. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातल्या खाणींतून आलेला. निळा कुठं कुठं वापरलाय आणि किती जपून, हे मुलांना शोधायला लावा.

रेघही बघायला सांगा. आधी गेरूची तांबडी रेघ, मग रंग, आणि शेवटी पुन्हा गडद रेघ. काही ठिकाणी रंग उडून खालची तांबडी रेघ उघडी पडलीय. तिथं कारागिरानं हात कुठून फिरवला ते दिसतं. तुमच्या मुलांना पुऱ्या झालेल्या चित्रापेक्षा ते जास्त शिकवेल असं मला वाटतं.

वर्षावास:

जयभीम ताई. पोहाळ्याला आम्ही घरची मंडळी वंदनेला जातो, म्हणून तुमचा प्रश्न मनाला लागला. त्या मुलीला चित्रं दिसली नाहीत हे खरं आहे. पण ती जागा चित्रांसाठी कोरलेलीच नव्हती.

भिक्खू वर्षभर फिरत, आणि पावसाळ्यात एका जागी राहत, तो वर्षावास. आपल्या भागातला पाऊस तुम्हाला सांगायला नको. आषाढात त्या डोंगरावर उभं राहून बघा, म्हणजे छत, खोली, झोपायला कोरडी जागा आणि जवळ पाणी एवढं मिळणं काय असतं ते कळेल. विहार म्हणजे आधी राहायची जागा.

अजिंठ्याला ही गोष्ट दाखवायची असेल तर १२ नंबरच्या लेण्यात न्या. बहुतेक सहली ते टाळतात, कारण तिथंही चित्रं नाहीत. हे सातवाहनांच्या काळातलं जुनं लेणं. पुढची भिंत पडून गेलीय. चौकोनी दालन, तीन बाजूंना चार चार अशा बारा खोल्या, प्रत्येक खोलीत दोन दगडी ओटे, उशाकडची बाजू उंच ठेवलेली. दारांच्या वर कोरलेल्या नालेच्या आकाराच्या चैत्यकमानी आणि वेदिकेच्या, म्हणजे कठड्यासारख्या, पट्ट्या, एवढीच सजावट. लाकडी दारं फिरायला केलेली भोकं दिसतात. मुलांना विचारा: दार कुठल्या बाजूला उघडत असेल? दिवा कुठं ठेवत असतील? बारा खोल्या आणि दोन दोन ओटे म्हणजे माणसं किती?

चोवीस माणसं एका छताखाली पावसाचे महिने काढतात, हे एकदा मनात बसलं की पोहाळं मुकं राहत नाही. आणि एक विनंती. त्या दालनात मुलांना दोन मिनिटं काही न बोलता बसवा. आमच्यासाठी हे पडके अवशेष नाहीत, आम्ही तिथं डोकं टेकतो. मुलांना तेवढं कळलं तर भिंतीवर नावं कोरायला हात धजणार नाही. पोहाळ्याच्या भिंती तुम्ही बघितल्याच असतील.

रंगपेटी:

जयभीम दादा. बघितल्या. मुलांसमोर मान खाली गेली. चित्रं अजिंठ्याला बघू हे माझं उत्तर चुकलंच होतं, ते मी सोमवारी वर्गात सांगितलं आणि पुन्हा पोहाळ्याला जायचं ठरवलंय.

मातीकाम काका, फरशी मिळाली. माती कुठली घेऊ? शाडू चालेल का? आणि तूस किती?

मातीकाम:

शाडू नको. ती गुजरातकडून येते, महाग पडते आणि या कामाला नको तेवढी गुळगुळीत. गावाकडची तांबडी माती आणा, खडे वेचून. तूस राधानगरीकडच्या कुठल्याही भाताच्या गिरणीवर पोतंभर मिळेल. चार घमेली मातीला एक घमेलं तूस, वर पिंजर बोटाएवढी चिरून मूठमूठ. हे आमचं घरचं माप, अजिंठ्याचं नव्हे. पाणी घालून किमान आठ दिवस मुरू द्या, रोज तुडवा. वास येईल, येऊ द्या. कुजलं की चिकटपणा येतो.

पहिला थर अर्धा इंच, आणि तो सावलीत वाळवा. उन्हात ठेवलात तर दुसऱ्या दिवशी हातात नुसती ढेकळं. एक फरशी मुद्दाम तूस न घालता करा. ती तडकेलच. ती मुलांनी बघितली पाहिजे.

नाणीवेडा:

चांगला धागा. दोन गोष्टी जोडतो.

बाई, अजिंठ्याआधी मुलांना टाउन हॉल म्युझियममध्ये न्या. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं १९४५-४६ मध्ये उत्खनन केलं, तिथं सातवाहन काळातली वस्ती सापडली. तिथल्याच ब्राँझच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची रोमन धाटणीची छोटी मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावरच्या घरात भूमध्य समुद्राकडची मूर्ती! निळा दगड अफगाणिस्तानातून अजिंठ्याला कसा पोचला याचं मुलांना नवल वाटणार नाही, कारण कोल्हापूर स्वतःच त्या वाटांवर होतं. आणि स्तूपही होता इथं. एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात दगडी पेटी सापडली, आत स्फटिकाचा करंडक, स्तूपात अवशेष ठेवतात तसा, आणि पेटीवर ब्राह्मीत छोटासा लेख: बम्हाचं दान, धमगुतानं करवलेलं. पैसे देणाऱ्याचं नाव आहे आणि काम करवून घेणाऱ्याचंही, म्हणून मला हा लेख फार आवडतो.

दुसरी गोष्ट अजिंठ्याच्या १० नंबरची. हे तिथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, चैत्यगृह. दर्शनी कमानीवर ब्राह्मी लेख आहे, वासिठिपुत कटहादीनं हे घरमुख, म्हणजे लेण्याचा दर्शनी भाग, दान दिला. वासिठिपुत म्हणजे वासिष्ठीचा मुलगा, आईच्या नावानं ओळख. आता गंमत बघा, कोल्हापुरात सापडलेल्या त्या काळच्या नाण्यांवर धनुष्यबाण असतो आणि राजाचं नाव असतं वासिठिपुत विळिवायकुर. आईचं नाव लावायची तीच रीत. टाउन हॉलमध्ये ही धाटणी समजून घेतलेल्या मुलाला १० नंबरच्या दाराशी ओळखीचं कुणी भेटल्यासारखं होईल.

याच १० नंबरमध्ये १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात पोचला आणि त्यानं खांबावर चित्राच्या अंगावरच आपलं नाव खरवडलं. आज ते माणसाच्या डोक्याच्या बरंच वर दिसतं, कारण तेव्हा लेणं मातीनं भरलेलं होतं आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. पोहाळ्यातल्या नावांबद्दल बोलायला याहून चांगली जागा नाही.

नकला करणाऱ्यांचंही सांगा. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथं राहून नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले, तुमच्या मुलांहून चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. १८८५ पर्यंत काम चाललं, आणि त्या वर्षी त्यांच्याही पुष्कळ नकला लंडनमध्ये आगीत जळाल्या. हैदराबादच्या निजामानं १९२०-२२ मध्ये इटलीहून जाणकार आणून सुटलेले पोपडे पक्के करून घेतले. त्यामुळे चित्रं वाचली, पण वर दिलेला लाखेचा हात पिवळा पडत गेला. मुलं विचारतील, एवढा तपकिरी रंग का? थोडा काळ, थोडी धूळ, थोडी लाख. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे लोक ती लाख तसूतसूनं काढतायत.

क्रमाबद्दल माझं मत: १० आणि १२ आधी, म्हणजे जुना काळ. मग १६ आणि १७. मधे पाचेकशे वर्षांची उडी आहे. १६ नंबर वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दिलेलं. १७ मध्ये सर्वांत जास्त चित्रं, तिथं वेळ काढा: सगळं दान करणाऱ्या विश्वंतर राजपुत्राची जातककथा, सिंहल व्यापाऱ्याची गोष्ट, बुद्धासमोर उभे असलेले त्याची पत्नी यशोधरा आणि मुलगा राहुल. मग २४, अर्धवट सोडलेलं. छताकडून खाली कोरत कसे येतात ते तिथंच कळतं. २६ मधला महापरिनिर्वाणाचा, म्हणजे देह ठेवतानाचा, बुद्ध. आणि शेवटी परत येऊन १ आणि २. सगळी गर्दी सकाळी १ आणि २ मध्ये असते, दुपारनंतर ओसरते.

रंगपेटी:

कालच परत आलो. जमेल तसं लिहिते.

आधी फरशा. बिनतुसाची फरशी तिसऱ्या दिवशी आरपार तडकली. मुलांनी ती वर्गात खिडकीत ठेवलीय, टाकू देत नाहीत. माती मुरायला घातली तेव्हा शेजारच्या वर्गातून वासाच्या तक्रारी आल्या, आठ दिवस सगळ्यांनी सोसलं. दोन फरशा छान उतरल्या, एकीचा चुना पोपडे धरतोय.

अजिंठ्याला नाणीवेडा यांच्या क्रमानंच गेलो. १२ नंबरमध्ये दोन मिनिटं बसलो. दोनाची सात-आठ झाली असतील. बाहेर आल्यावर पोहाळ्याला चित्रं का नाहीत विचारणारी मुलगी म्हणाली, "बाई, पोहाळ्याच्या खोलीत झोपणाऱ्याचं डोकं कुठल्या बाजूला असेल?" ती पुढच्या रविवारी मोजपट्टी घेऊन येणार आहे.

१७ मध्ये आत गेल्यावर आधी अंधारच वाटतो. मी कुणाला काही दाखवलं नाही, डोळे सरावेपर्यंत थांबायला सांगितलं. हळूहळू माणसं वर येऊ लागली, एक हात, एक डोळा, मोत्यांची माळ. आमचा गवंड्याचा मुलगा चित्राकडं बघतच नव्हता. पोपड्याच्या कडेशी मान वाकडी करून उभा होता. मग एकदम ओरडला, "बाई, तूस!" पहारेकऱ्यानं दटावलं. पण चौदाच्या चौदा तिथं जमली, आणि त्यांच्यामागं पुण्याचं एक कुटुंबही येऊन बघू लागलं. त्या मुलानं त्यांना हळू आवाजात, टाकी का मारलीय इथपासून, सगळं समजावून सांगितलं. हा मुलगा वर्गात वर्षभर तोंड उघडत नाही.

निळा शोधायला लावला होता. १ नंबरमध्ये छतापर्यंत मोजून झाल्यावर एक जण म्हणाला, एवढ्या लांबून आणलेला रंग छताला लावला म्हणजे वर बघणाऱ्याचा पण विचार केलाय. त्याच लेण्यात खांबाच्या माथ्यावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय, ते कुणी न सांगता त्यांना सापडलं. प्रत्येक हरणाचं ते आपलंच वाटतं. गाडीत सगळ्यांनी तेच काढून बघितलं आणि कुणालाच जमलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवलं २ नंबरनं. उजव्या बाजूच्या लहान गाभाऱ्यात हारितीची मूर्ती आहे, मुलांची रक्षण करणारी. तिच्या बैठकीवर खाली शाळा कोरलीय. गुरुजी छडी घेऊन बसलेत, पुढची मुलं पाट्या घेऊन अभ्यासात, मागची खेळात दंग. मी पुढं वाकून बघत होते आणि मागून आवाज आला, "बाई, मागचा बाक." इतक्या मोठ्या कारागिरानं मागच्या मुलांनाही तेवढ्याच मायेनं कोरलंय. पद्मपाणी पुन्हा बघितला, या वेळी ढकललं कुणी नाही, तरी मनात ती शाळाच राहिली.

२६ मध्ये महापरिनिर्वाणाच्या बुद्धासमोर मुलं आपणहून गप्प झाली. चोवीसेक फूट लांब, कुशीवर निजलेला, आणि खाली रडणारी माणसं. वर्षावास दादा, तिथं एका मुलीनं हात जोडले, मग सगळ्यांनी.

आता काका, त्या तिसऱ्या फरशीचं काय करू? चुना नखानं सुटतोय. मुलांना त्यावरच चार हरणं काढायचीत.

मातीकाम:

माती चांगली वाळायच्या आत चुना दिला असणार. सगळा खरवडून काढा, माती ओल्या फडक्यानं नुसती पुसा आणि चुना निम्मा पातळ करून परत द्या, चिमूटभर डिंक घालून. दोन हात, मधे एक रात्र. हरणं काढायच्या आधी मला फोटो टाका. आणि तो गवंड्याचा पोरगा रविवारी पोहाळ्याहून परतताना बापट कॅम्पात आला तर बरं, त्याला मळलेली माती दाखवतो.